अख्ख्या लाइनीचा भाया

घरी बसून शेतातली मोटर चालू करायचं यंत्र घरी बसून बनवता येत नाही. कोरोनाच्या काळातलं आमच्या कंपनीचं सगळं दुखणं या एका वाक्यात मावतं.

यंत्र म्हणजे मोबाइल स्टार्टर. विहिरीवरच्या पेटीत तो बसवायचा, त्यात सिमकार्ड घालायचं आणि घरून फोन लावायचा, की तिकडे मोटर धरते. लाइट कधी येईल याचा नेम नसलेल्या आमच्या इंदापूर तालुक्यात या पेटीनं किती लोकांची झोप वाचवली, ते त्यांच्या बायकांना विचारा. या पेटीच्या पोटात हाताच्या पंजाएवढा एक हिरवा बोर्ड असतो. तो आम्ही लोणी देवकरच्या एमआयडीसीत बनवायचो. आम्ही म्हणजे बायका बनवायच्या. मी सेफ्टी ऑफिसर होतो, म्हणजे त्या बनवत असताना मागे हात बांधून फिरायचो.

त्याआधी माझी सगळी नोकरी बारामती एमआयडीसीत, दुधाच्या प्लांटवर गेली. तिथे एकच शास्त्र: दिसेल त्यावर पाणी मारा. तेच शास्त्र घेऊन मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये आलो आणि पहिल्याच आठवड्यात, टेबलांवर धूळ फार दिसते म्हणून, पाइप लावला. सुदैवानं नळाला पाणी नव्हतं. मालकांनी फक्त एवढंच विचारलं, "कदम, तुम्हाला कुणी पाठवलं? आपल्यासारखाच माल बनवणाऱ्यांनी का?"

मग मला हळूहळू कळलं, की हा बोर्ड पाण्यापेक्षाही माणसाला भितो. थंडीत स्वेटर काढताना अंगावर चटचट ठिणग्या उडतात ना, तसली ठिणगी आपल्या बोटातून बोर्डावरच्या चिपला बसली, की चिप मेली. आपल्याला समजतही नाही. म्हणून लाइनीवरच्या प्रत्येक बाईच्या मनगटाला एक पट्टा, पट्ट्याची वायर टेबलाला, टेबलाची वायर जमिनीत. अंगातली वीज जमिनीत सोडून द्यायची. अंगावर सुती कोट, पायात वेगळ्या चपला. बोर्डाला माणसाची बाधा होऊ नये म्हणून आमच्याकडे इतका बंदोबस्त होता. पण त्याच टेबलाला कोपराला कोपर लावून बसणाऱ्या माणसाला माणसाची बाधा झाली तर काय, याचा विचार कुणी केला नव्हता. कुणी म्हणजे मी. पगार त्याचाच होता.

लॉकडाऊनमध्ये सगळं बंद झालं आणि काही दिवसांनी, शेतीला लागणारी वस्तू म्हणून, आम्हाला कारखाना उघडायची परवानगी आली. बोर्ड होते, सुटे भाग होते, बायका नव्हत्या. आमची जवळजवळ सगळी लाइन एकाच गावची, आणि त्या गावानं शिवेवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता बंद केलेला. मी मोटारसायकल काढली आणि गेलो.

बाभळीच्या पलीकडे लिंबाखाली बाज टाकून आबा बसले होते. आबा म्हणजे आमच्या लाइनीवरच्या मंगलचे सासरे. उभा जन्म उसाला पाणी देण्यात गेला आणि म्हातारपणी दमा लागला. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, हातात काठी. गावात कोण येतं, कोण जातं हे तेच ठरवत होते.

"तितंच थांबा," आबा म्हणाले. "पाय टाकू नका अलीकडं."

मी तिथूनच ओरडून सगळं सांगितलं. परवानगी, सॅनिटायझर, मास्क, सेफ्टी. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, बाया यितील. पण जशा जातील तशाच माघारी आल्या पायजेत. हितं माझ्यासारखी दमेकरी म्हातारी घराघरात हायेत. एकीला जरी ही बाधा झाली, तर ही बाभळ आडवी पडंल. मग पुन्हा कुनी उचलायची न्हाय."

"आबा, काळजीच करू नका. मी आहे ना."

आबांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. "त्येचीच काळजी हाय," ते म्हणाले.

परत निघालो तर मंगल गोठ्याच्या आडून बाहेर आली. लाइनीवर सर्वांत जलद हात तिचा आणि त्याहून जलद तोंड. पण त्या दिवशी ती हळू बोलली. "साहेब, ह्या येळंला जपा. आमाला नोकरीला सोडायचं म्हणून घराघरात केवढी भांडणं झाली, तुमाला ठावं न्हाय. आता एकदा घरात बसलो की पुन्हा कोन सोडतंय?"

म्हणजे बघा, गावाला रोगाची भीती होती, मालकांना ऑर्डरची; बायकांना त्या बाभळीची होती. आणि ती बाभळ बाजूला राहायची की रस्त्यात आडवी पडायची, हे माझ्यासारख्या माणसावर अवलंबून होतं.

मी जोरात सुरुवात केली. टीव्हीवर डॉक्टरांच्या अंगात प्लॅस्टिकचे पोशाख पाहिले होते. तसले मिळेनात, म्हणून ओळखीच्या दुकानदाराला मागच्या दारानं उघडायला लावून पावसाळी रेनकोट उचलले. निळे, टोपीवाले. बायका ते घालून लाइनीवर बसल्या तेव्हा उसात रानडुकरं हाकायला निघालेली टोळी बसल्यासारखी दिसत होती. उकाड्यानं जीव जात होता, पण मी खूश. संध्याकाळी टेस्टिंगवाल्या पोरीनं मला बोलावून घेतलं. बोर्ड लावावा तो मेलेला. दुसरा, तोही मेलेला.

"साहेब," मंगल म्हणाली आणि तिनं रेनकोटाची बाही दुसऱ्या बाहीवर घासून दाखवली. चट! "दिवसभर ह्येच चाललंय. मनगटाला पट्टा बांधून अंगावर ठिनग्यांचा कारखाना घातलाय तुमी."

जी ठिणगी अंगावर राहू नये म्हणून एवढे पट्टे आणि वायरी, ती मी दुकानातून विकत आणून प्रत्येकीच्या अंगावर चढवली होती. मालकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, मला कुणी पाठवलं म्हणून. रेनकोट पोपटरावांच्या ताब्यात गेले. पोपटराव म्हणजे आमचे गेटवरचे वॉचमन. त्यांनी पुढच्या पावसाळ्यात त्यांतून म्हशीचं छप्पर शिवून घेतलं.

मग आलं अंतर. सहा फूट अंतर ठेवा, असा वरून आदेश. मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'सामाजिक अंतर राखा.' जमिनीवर चुन्यानं गोल मारले. टेबलावर एकीआड एक जागा रिकामी ठेवली. कामावर असेपर्यंत ठीक होतं. पण जेवणाची घंटा झाली की सगळ्या पुन्हा एका घोळक्यात. एकीची चटणी दुसरीच्या डब्यात आणि तिसरीचं डोकं चौथीच्या खांद्यावर. मी ओरडलो, की दोन मिनिटं पांगायच्या आणि पुन्हा गोळा व्हायच्या. एक दिवस मी वैतागून भाषणच ठोकलं. संसर्ग, थेंब, श्वास, साखळी तोडणं वगैरे. सगळ्या माना डोलावत होत्या. समजत कुणालाच नव्हतं, कारण मलाही नीट समजलं नव्हतं.

तेव्हा मागून मंगल म्हणाली, "अगं बायांनो, साहेबांचं म्हननं येवढंच हाय. समोर भाया हाय असं समजायचं."

एकदम हशा पिकला. आणि सगळ्यांना एकदम कळलं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडच्या जुन्या घरांत धाकट्या भावाची बायको भायापुढे येत नाही. तो आला की ही बाजूला. तोंडावर पदर. जवळून जायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही, त्याच्या हातून वस्तू घ्यायची नाही. त्यानं ती खाली ठेवायची, मग हिनं उचलायची. सरकारनं सांगितलेली सगळी कलमं यात आहेत, मास्कसकट.

"माझा भाया आन् मी एका घरात राहतो," मंगल म्हणाली, "पण आजपतुर माझ्याशी सरळ बोलला न्हाय. भिंतीकडं बघून म्हनतो, 'धाकलीला सांगा, कालवनात मीठ कमी हाय.' मी बी भिंतीला सांगते, 'भाताला चव हाय का इचारा.' भिंतच आमची सून झालीया."

मी भिंतीवरचं 'सामाजिक अंतर राखा' पुसून टाकलं आणि लिहून घेतलं: 'समोरचा प्रत्येकजण आपला भाया.' तपासणीला आलेले एक अधिकारी ते वाचून बराच वेळ उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, स्थानिक परंपरेचा आधार घेतलाय. त्यांनी मान हलवली आणि माझ्यापासून दोन पावलं मागे सरकले. म्हणजे त्यांनाही समजलं.

दुसऱ्या दिवसापासून लाइनीवर खेळच सुरू झाला. एकीनं सुटे भाग मागितले, की दुसरी ते टेबलावर ठेवून मागे सरायची आणि म्हणायची, "घ्या भाया." जेवताना प्रत्येकीचं तोंड वेगळ्या दिशेला. चटणीचा डबा मधल्या स्टुलावर ठेवायचा, एकेकीनं आपल्या चमच्यानं घ्यायची. जी चुकेल तिला बाकीच्या म्हणायच्या, "बया गं, भायाच्या मांडीवर बसली!"

पण यात मोठा भाया ठरलो मी. मी हॉलमध्ये शिरलो, की कोंबड्यांत बोका शिरल्यासारख्या सगळ्या पांगायच्या. पदर मास्कवरून आणखी वर. मी काही विचारलं, की उत्तर भिंतीला मिळायचं. मला चहा हवा असेल तर तो स्टुलावर ठेवून, स्टूल पायानं पुढे सरकवून, दुरून आवाज यायचा, "मोठ्या भायांना सांगा, निवतोय." सुरुवातीला गंमत वाटली, मग राग आला. मी घरी बायकोकडे तक्रार केली, "कुणी माझ्याजवळ उभंसुद्धा राहत नाही गं." ती म्हणाली, "तुम्हीच लिहून लावलंय ना?"

गेटवर ताप मोजायची बंदूक होती. तिच्यावर माझा विश्वास उडाला तो पोपटरावांमुळे. उन्हातून मोटारसायकलवर आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं, पंख्याखाली बसलेल्याचं गार. एकदा पोपटरावांनी बंदूक आपल्या म्हशीला लावली. तिला ताप निघाला. त्यांनी तिला दोन दिवस वेगळं बांधलं.

याच सुमारास मी कुठेसं वाचलं, की या रोगात वास जातो. माझ्या डोक्यात दिवा पेटला. घरातून सुकटीचा डबा आणला. उजनीच्या काठच्या माणसाला सुकटीची ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांसाठी, वाळवलेले बारीक मासे. ज्याला तो वास येत नाही, त्याचं नाक गेलं असं खुशाल समजावं. पोपटराव माळकरी. ते डबा हात लांब करून, तोंड फिरवून, डोळे मिटून धरायचे आणि पुटपुटायचे, "पांडुरंगा, बघू नगंस." प्रत्येक बाईनं मास्क खाली घ्यायचा, डब्यात नाक घालायचं, तोंड वाकडं केलं की आत.

माझं फार नाव झालं असं मला वाटत होतं. रात्री जेवताना मी ही कल्पना बायकोला रंगवून सांगितली. तिचा घास हातातच राहिला.

"म्हणजे सगळ्यांनी मास्क काढून, एकामागून एक, एकाच डब्यात श्वास सोडला?"

मी जेवायचा थांबलो. असं बघितलं तर, हो. रोग शोधायला निघालेल्या मी रोगासाठी गेटवर एसटी स्टँड उघडला होता.

डबा बंद झाला. पण पोपटरावांना ती कल्पना पटली होती आणि त्यांनीच तोड काढली. "साहेब, डबा कशाला? वारा फिरला की मळी हायेच की." साखर कारखान्याकडून वारा आला, की मळीचा वास सगळ्या एमआयडीसीवर पसरतो. गोड, आंबट आणि कुजका, तिन्ही एकदम. मास्क, पदर, खिडक्या, काही म्हणून त्याला अडवत नाही. कंपनीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "वास येतोय म्हणजे माणूस बरा आहे असं नाही. पण येत नसेल तर त्याला आधी घरी पाठवा." तसा मी नियम काढला आणि खाली माझी सही केली. पोपटराव सहा फुटांवरून विचारायचे, "वास येतोय का?" समोरून शिवी आली की म्हणायचे, "मग जावा आत."

एके सकाळी मी नेहमीसारखा आलो. जरा अंग जड होतं, पण आदल्या दिवशी सामान हलवलं होतं. गेटवर पोपटरावांनी तोंडाला दोन-दोन टॉवेल बांधलेले. बायका नाक दाबून उभ्या. मी गाडी लावली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "काय पोपटराव, आज हवा काय झकास पडलीय!"

बायकांनी नाकावरचे हात काढून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब," पोपटराव मागे सरकत म्हणाले, "मळी सुटलीया."

"कधी?"

"पहाटंधरनं. कुत्री गाव सोडून गेली."

मी सारवासारव करायला गेलो. "हां हां, येतोय की. जरा गोडसर..."

"गोडसर!" मागून मंगल ओरडली. "पोपटराव, डबा काढा!"

पोपटरावांनी केबिनमधून जुना सुकटीचा डबा आणला, जमिनीवर ठेवला आणि लांब पळाले. मी वाकून हुंगलं. काही नाही. मला वाटलं डबा रिकामा आहे. बघितलं तर काठोकाठ भरलेला.

"साहेब, माघारी," पोपटराव म्हणाले.

"अहो, मी सेफ्टी ऑफिसर आहे!"

"म्हनून तर. सही तुमचीच हाय."

आमच्या कंपनीतला पहिला रुग्ण मी. मला आजार हलका गेला. पण खाटेवर पडल्यापडल्या मला एकच दिसत होतं, ती बाभळ. काम थांबलं, सगळ्या लाइनीची तपासणी झाली, आणि निकाल येईपर्यंत बायका घरी. मंगलचा फोन आला. तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

"साहेब, आबांनी बाभळ आडवी टाकलीया. सोता जाऊन बसल्यात तितं. आन् घरात भिंतीला सांगनं सुरू झालंय, 'धाकलीला सांगा, आता रानातलं बघ म्हनावं.'"

"मंगल, मी..." एवढंच म्हणालो आणि खोकला आला. तो खोटा नव्हता, पण वेळेवर आला.

निकाल आले ते मी मोबाइलवर खाली खाली सरकवत वाचले. मग पुन्हा वरून वाचले. लाइनीवर एकीलाही काही नव्हतं. पोपटरावांनाही नाही. मंगलला फोन लावला तर ती तशीच बाभळीपाशी पळाली आणि तिनं आबांपुढे स्पीकर लावला.

आबांचा विश्वास बसेना. "आरं, त्यो मानूस दिसभर तुमच्यात फिरत हुता. आन् एकीला बी न्हाय? ते कसं?"

"आबा, त्येंना आमी भाया केलं हुतं," मंगलचा आवाज आला.

"काय केलं हुतं?"

मंगलनं सगळं सांगितलं. स्टुलावरचा चहा, फिरवलेली तोंडं, भिंतीशी बोलणं. पलीकडून दम्याची घरघर ऐकू आली. मी घाबरलो. मग कळलं, आबा हसत होते.

"साहेब, हायसा का?" आबा फोनवर म्हणाले. "आजपतुर ऐकलं हुतं, सेफ्टीवाला कामगारांना वाचवतो. हितं कामगारांनीच सेफ्टीवाल्यापासनं जीव वाचवला."

"आबा, ती बाभळ..."

"मी बायांचं बोललो हुतो. एकीला बाधा झाली तर, म्हनलो हुतो. तुमी काय बाई हायसा का?" आणि मग बाजूला कुणावर तरी खेकसले, "उचला रं ती!"

फोन बंद व्हायच्या आत मला मंगलचा आवाज ऐकू आला. ती कुणाला तरी सरळ, भिंत मध्ये न घेता सांगत होती, "भाया, त्या टोकाला तुमी धरा. काटं हायेत, बेतानं."

मी यावर नंतर पुष्कळ विचार केला. ज्या रिवाजानं पिढ्यान्‌पिढ्या बायकांची तोंडं झाकली, तो मी हसतहसत भिंतीवर रंगवला होता. मंगलला एकदा तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "त्या रिवाजाचा जन्मात येवढाच उपेग झाला, साहेब. आता त्यो आमी कंपनीतच ठिवलाय. घरी न्यायचा न्हाय."

यंदा मी निवृत्त झालो. भिंतीवरची अक्षरं फिकट झालीत, पण पुसलेली नाहीत. मंगल आता लाइनीची सुपरवायझर आहे. मी फिरायचो तशी हात मागे बांधून फिरते, फक्त तिला काम येतं. निरोपाच्या दिवशी तिनं शाल आणि नारळ स्टुलावर ठेवले, स्टूल पायानं पुढे सरकवलं आणि पदर वर ओढून म्हणाली, "मोठ्या भायांना सांगा, घ्या म्हनावं." सगळी लाइन हसून लोळली. मी वाकून शाल उचलणार, तोच ती पुढे आली, शाल उचलली आणि माझ्या खांद्यावर घातली.

"आजपासनं तुमी कंपनीत न्हाय," ती म्हणाली. "म्हंजे भाया बी न्हाय."

शाल गेटवरच्या केबिनमध्ये ठेवलेली असावी. तिला सुकटीचा वास मारत होता. मी तशीच ती पांघरून गेटपाशी आलो. पोपटरावांनी तो वास लांबूनच ओळखला.

"साहेब, वास येतोय का?"

"येतोय की, पोपटराव."

"मग जावा आत," ते सवयीनं म्हणाले.

मी बाहेर चाललो होतो.